गो-कार्ट व कोल्हापूरची यंत्रकारागिरी

गो-कार्ट : पोलादी नळ्यांच्या उघड्या सांगाड्यावर चार लहान चाके, एक आसन आणि एक लहान अंतर्ज्वलन एंजिन बसवून केलेले बुटके, बिनछताचे वाहन. या वाहनास धक्के शोषणाऱ्या कमानी नसतात. वळणावर मागील दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी विभेदी दंतचक्रमाला नसते आणि चालक जमिनीपासून काही सेंटिमीटर उंचीवर पाय पुढे पसरून बसतो. शर्यतीसाठी कारखान्यात तयार होणारी कार्ट आणि हौशी माणसाने मोडीतील मोटारसायकलीचे एंजिन घेऊन स्वतः बांधलेली कार्ट असे तिचे दोन प्रकार व्यवहारात दिसतात. प्रस्तुत नोंदीचा विषय मुख्यतः दुसरा प्रकार होय. कोल्हापूर परिसरात अशी कार्ट दिसली की वर्तमानपत्रे तिचे वर्णन नवल म्हणून करतात. वस्तुतः तेथील सुमारे शंभर वर्षांच्या यंत्रकारागिरीचे ते एक धाकटे अपत्य आहे.

उगम : गो-कार्टचा जन्मच मुळी पडून राहिलेल्या एंजिनापासून झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आर्ट इंगल्स हे शर्यतीच्या मोटारगाड्या बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात कारागीर होते. १९५६ साली त्यांनी लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने नळ्या जोडून एक सांगाडा केला आणि त्यावर वेस्ट बेंड कंपनीचे सुमारे २.५ अश्वशक्तीचे एंजिन बसविले. हे एंजिन हिरवळ कापण्याच्या यंत्रासाठी बनविलेले असून विक्रीवाचून पडून राहिलेल्या मालापैकी होते. पॅसाडीना येथील रोझ बोल क्रीडागाराच्या विस्तीर्ण वाहनतळावर ही गाडी फिरू लागताच तिच्या प्रतिकृती निघू लागल्या आणि दोनएक वर्षांत तयार सुटे भाग विकणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. १९५९ मध्ये मॅककलक या साखळी-करवती बनविणाऱ्या कंपनीने खास कार्टसाठी एंजिन बाजारात आणले. १९६२ साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने या खेळासाठी स्वतंत्र आयोग नेमला. पुढे आयर्टन सेना, मिखाएल शूमाखर यांच्यासारखे अव्वल शर्यतपटू याच वाहनावर घडले.

भारतात मोटार शर्यती दीर्घकाळ मद्रासजवळील शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर होत. आयात निर्बंधांच्या त्या काळात शर्यतीची गाडी परदेशातून आणणे जवळजवळ अशक्य असल्याने जो शर्यतपटू तोच बहुधा बांधणारा असे. कोईमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० या मोटारीचे एंजिन घेऊन १९८० नंतरच्या दशकात तयार केलेली ‘फॉर्म्युला मारुती’ ही याच परंपरेतील गाडी होय. कोईमतूर आणि कोल्हापूर या दोन शहरांचे साम्य लक्षणीय आहे. दोन्हींकडे शेतीच्या पंपांनी ओतकाम वाढविले आणि ओतकामाने कारागीर घडविले.

कोल्हापूरची पार्श्वभूमी : शाहू छत्रपतींच्या काळी, १९०६ मध्ये, कोल्हापुरात कापड गिरणी उभी राहिली. तथापि शहराच्या यंत्रविद्येची खरी शाळा गिरणी नसून तेल-एंजिन ही होय. पंचगंगेच्या काठचा ऊस, त्यास लागणारे पाणी आणि गुऱ्हाळातील चरक या सर्वांस एंजिन हवे होते. एंजिने विलायती होती, ती बिघडत, आणि सुटा भाग समुद्रापलीकडून येईपर्यंत ऊस वाळून जाई. म्हणून तो भाग येथेच ओतावा, येथेच कातावा, ही गरज निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धात आयात आटल्यावर ती अधिक तीव्र झाली. भाग करता करता अखेर संपूर्ण एंजिनच करता येते, हे कारागिरांच्या ध्यानात आले. या आद्य पिढीत म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार ही नावे आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगरात पुढे श्रमविभागणी इतकी सूक्ष्म झाली की एक कारखाना केवळ ओतीव भाग करी, दुसरा सिलिंडरची भोके घासून मापात आणी, तिसरा दंतचक्रे कापी. आपल्या हातून जे होत नाही ते शेजारच्या गाळ्यात करून घ्यावे, ही रीत येथे रुळली. घरी कार्ट बांधणाऱ्या तरुणाला आजही तिचाच आधार असतो. लेथ, वेल्डिंगचे यंत्र वा दाबयंत्र यांपैकी काहीही त्याच्या मालकीचे असण्याची गरज नसते.

या वृत्तीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मोटारीचा नसून चित्रपटाचा आहे. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो सिद्धीस नेला. परदेशी यंत्र उघडून पाहणे, त्यातील प्रत्येक भाग कशासाठी आहे हे उमजून घेणे आणि मग तो आपल्या हत्यारांनी घडविणे, ही पद्धत कॅमेऱ्यात आणि तेल-एंजिनात एकच होती. तिला नक्कल म्हणून हिणवण्याची चाल आहे. ती योग्य नाही. उघडून पाहिल्यावाचून कोणतीच यंत्रविद्या कोणत्याही देशात रुजलेली नाही.

‘मीरा’ : कोल्हापूर जिल्ह्यातील घरगुती वाहनबांधणीचा विचार इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांच्यावाचून अपुरा राहील. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण न घेतलेल्या या गृहस्थांनी १९४९ साली दोन आसनी लहान मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला. त्यानंतर दोन तपांहून अधिक काळ ते नवे नमुने तयार करीत राहिले. १९७० नंतरच्या दशकातील त्यांच्या ‘मीरा’ या मोटारीस मागील बाजूस बसविलेले हवेने थंड होणारे एंजिन होते. पोलादी कमानींऐवजी रबराची आधारयोजना होती आणि सुट्या भागांची संख्या जाणीवपूर्वक कमी ठेवलेली होती. सुमारे बारा हजार रुपयांत सामान्य कुटुंबाला मोटार मिळावी, असा त्यांचा हिशेब होता. ‘मीरा’ उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. परवाने व भांडवल यांच्या त्या काळातील व्यवस्थेत एकट्या माणसाने केलेल्या मोटारीला जागा नव्हती. कार्टच्या इतिहासात या मोटारीचा उल्लेख दूरान्वयाचा वाटेल. परंतु कमीत कमी भागांत चालणारे वाहन हा जो प्रश्न कुलकर्णी यांनी हाती घेतला, तोच कार्ट बांधणाऱ्यापुढेही असतो. भेद इतकाच, की ते एंजिनाचाही विचार मुळापासून करीत, तर कार्टवाला ते उसने घेतो.

एंजिनाची निवड : मोडीत निघणाऱ्या मोटारसायकलींचा इतिहास हाच या कार्टच्या एंजिनांचाही इतिहास आहे. आरंभीच्या पिढीत राजदूत व जावा–येझदी ही द्विघाती एंजिने मिळत. जावामध्ये किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असल्याने आसनाशेजारी तो बसविणे ही मोठी अडचण होई. बजाज स्कूटरचे एंजिन अनेक दृष्टींनी सोयीचे ठरले. मोटारसायकलीचे एंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. तेच चालकाच्या पाठीमागे खाली बसविले की वारा अडतो आणि दट्ट्या तापून अडकतो. स्कूटरचे एंजिन मुळातच झाकलेले असल्याने त्यास स्वतःचा पंखा असतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलीचे ९८ घ. सेंमी. क्षमतेचे व ११ अश्वशक्तीचे एंजिन हौशी मंडळींच्या विशेष आवडीचे झाले. आता त्याला मोडीचा भाव राहिलेला नाही. त्यामुळे बहुतेक बांधणारे शंभर ते दीडशे घ. सेंमी.च्या चतुर्घाती एंजिनाकडे वळतात. हे एंजिन मंद वाटते, पण शिकणाऱ्यास ते अधिक हितकर असते.

एंजिन विकत घेताना त्यावर ठोकलेला क्रमांक शाबूत आहे की नाही, मूळ वाहनाची नोंदणी रीतसर रद्द झालेली आहे की नाही, हे पाहावे लागते. खरवडलेल्या क्रमांकाचे एंजिन चोरीचे असू शकते. कोल्हापुरात आणखी एक दक्षता हवी. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शहरातील व नदीकाठच्या गावांतील असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या एंजिनाला घाईने किक मारल्यास सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. प्लग काढून पाणी निथळू द्यावे, तेल दोनदा बदलावे आणि गाळ बेअरिंगपर्यंत गेला आहे असे गृहीत धरूनच एंजिन उघडावे.

बांधणी : सांगाड्यास कारागीर चासी म्हणतात. पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर साधारणतः १०० ते १२५ सेंमी. ठेवतात. चासीसाठी पाण्याचा जस्तलेपित नळ वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण तो सहज मिळतो. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो आणि जोडही सच्छिद्र होतो. काळा, बिनसांध्याचा नळ थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

चासीच्या बाबतीत नवशिक्या बांधणाऱ्याची सर्वांत मोठी चूक मजबुतीच्या हव्यासातून होते. कार्टचा मागील आस म्हणजे कारागिरांचा एक्सेल एकसंध असतो आणि दोन्ही चाके त्यास घट्ट बसविलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. पण दोन्ही चाके एकाच गतीने फिरत असल्याने त्यांपैकी एकाला घसरावे लागते. यावरची युक्ती अशी, की पुढील चाकांच्या खुंटांना मागे झुकता कोन दिल्याने सुकाणू फिरविताच आतल्या बाजूचे पुढील चाक खाली दाबले जाते, चासी किंचित पिळवटते आणि आतले मागील चाक जमिनीवरून अल्पसे उचलले जाते. म्हणजे चासीने लवणे हा दोष नसून तेच तिचे काम आहे. आडव्या-तिरप्या नळ्या जोडून चासी दगडासारखी केली की चाक उचलत नाही आणि सुकाणू फिरवूनही गाडी सरळ पुढे ढकलली जाते. काहीजण एकाच मागील चाकाला शक्ती देऊन दुसरे मोकळे ठेवतात. ही सोय स्वस्त खरी, पण आसावरचा ब्रेक मग एकाच चाकाला लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

शक्तिप्रेषणाचा हिशेब कागदावर करण्याची तसदी थोडेच घेतात, आणि तो तर अगदी सोपा आहे. मोटारसायकलीच्या मागील चाकाचा टायरसह व्यास सुमारे ६० सेंमी. असतो, तर कार्टच्या खास टायरचा सुमारे २८ सेंमी. मूळची दातेरी चाके तशीच ठेवली तर जी मोटारसायकल ताशी ८० किमी. वेगाने धावे, तिचेच एंजिन कार्टला त्याच फेऱ्यांवर ताशी ३७ किमी. इतकाच वेग देईल. त्याऐवजी सुमारे ४३ सेंमी. व्यासाची स्कूटरची चाके लावल्यास हा वेग ५७ किमी. होतो. स्कूटरची चाके येथे लोकप्रिय होण्याचे कारण केवळ स्वस्ताई नव्हे. दुसरी अडचण जमिनीची. ४२ दातांच्या व १२.७ मिमी. अंतराच्या साखळीचक्राची त्रिज्या सुमारे ८.५ सेंमी. भरते, कार्टच्या लहान चाकांवर आस जमिनीपासून १४ सेंमी. उंच असल्याने साखळीखाली जेमतेम ५ सेंमी. जागा उरते. एक दगड पुरे होतो.

प्रस्तुत लेखकाने एका गाळ्यात पाहिलेल्या कार्टची साखळी सरळ रस्त्यावर कधी निसटत नसे, डाव्या वळणावर मात्र हटकून निसटे. बांधणारे दोघे भाऊ साखळी बदलून, ताणून दमले होते. तेथल्या वृद्ध मेस्त्रींनी गाडी उचलून चासी हातांनी पिळली आणि एंजिन एका नळीवर व आसाचे बेअरिंग दुसऱ्या नळीवर बसविलेले दाखविले. चासी लवली की दोन चक्रांची पातळी बदलत होती. एंजिनाची बैठक व बेअरिंग एकाच नळीवर आणताच दोष गेला.

इतर जोडण्या थोडक्यात अशा. पायाने बदलण्याचा गिअर लोखंडी सळईने हाताशी आणतात. पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरपेक्षा वर असावी लागते, अन्यथा पंप घालावा लागतो. चालकाच्या मानेमागे टाकी टांगण्याचा प्रघात मात्र धोक्याचा आहे. सुकाणूच्या दोन्ही भुजा अशा ठेवतात, की त्यांच्या रेषा लांबविल्यास मागील आसाच्या मध्यापाशी मिळाव्यात. ब्रेकसाठी अलीकडच्या मोटारसायकलीची तबकडी व तिचा जबडा आसावर बसवितात. प्रवेगकाच्या पायपट्टीला स्वतंत्र परत-स्प्रिंग हवीच, कारण मुठीसाठी बनविलेली तार पायाच्या दाबाने अडकून राहू शकते. एंजिन तात्काळ बंद करणारे बटण सुकाणूवर असावे.

सुरक्षितता व कायदा : हे वाहन बुटके असल्याने उलटण्याचा धोका कमी असतो आणि त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. खरा धोका चालकाच्या पाठीमागे उघड्या फिरणाऱ्या आसाचा व साखळीचा असतो. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ कार्टच्या फिरत्या भागांत केस अडकून दोन तरुण स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. दोन्ही घटना सशुल्क करमणूक केंद्रांत घडल्या. घरगुती कार्टवर तर देखरेख करणारेही कोणी नसते. पत्र्याचे आवरण दोन तासांत होते. ते नसलेली कार्ट पुरी झाली असे मानू नये. ओढणी, मफलर, मोकळे केस आणि सैल कपडे यांना या वाहनावर थारा नाही.

रस्त्यावर ही गाडी नेता येत नाही. भारतात नवे वाहन विक्रीस येण्यापूर्वी त्याच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेकडून व्हावी लागते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदलेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. बंदिस्त खाजगी आवार एवढेच कार्टचे क्षेत्र होय. २०२१ च्या डिसेंबरात शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने मोडीतील साहित्य व दुचाकीचे एंजिन वापरून केलेली, किक मारून सुरू होणारी चारचाकी देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ही गाडी नियमांत बसत नसल्याचे सांगून कारागिराच्या कल्पकतेचे कौतुक केले आणि तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो गाडी दिली. घटनेचा शेवट गोड झाला खरा. पण हाताने गाडी घडविणाऱ्याला अखेर कारखान्याची गाडी मिळाली आणि त्याची गाडी प्रदर्शनाची वस्तू झाली, हेही ध्यानात घ्यावे लागते. ‘मीरा’च्या वेळीही वेगळे काही घडले नव्हते. चाचणीचा दंडक सैल करा असे म्हणता येणार नाही, कारण तो जीव वाचवितो. मात्र एकट्या कारागिराच्या खिशाला परवडेल अशी चाचणीची पायरी आपल्याकडे नाही.

शर्यतीची कार्ट : कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या धावमार्गामुळे नियमबद्ध कार्टिंग आले आणि २०१० नंतरच्या दशकात राष्ट्रीय मालिकेच्या काही फेऱ्याही येथे झाल्या. या शर्यतींत रोटॅक्स मॅक्स जातीचे, १२५ घ. सेंमी.चे, पाण्याने थंड होणारे द्विघाती एंजिन प्रचलित आहे. सर्वांची एंजिने सारखी राहावीत म्हणून त्यांवर क्रमांकित मोहोर लावलेली असते आणि मान्यताप्राप्त केंद्रावाचून ती कोणी उघडू शकत नाही. खेळाच्या न्यायासाठी हे योग्यच आहे. तरीही एंजिन उघडून पाहण्यावर ज्या शहराचा धंदा वाढला, त्याच शहरात न उघडण्याच्या एंजिनावर मुले शर्यत शिकतात, हा योग मोठा विलक्षण म्हणावा लागेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी कार्ट बांधतात, त्यांत मात्र बांधणीलाच गुण असतात; या मुलांची उद्यमनगरातील मेस्त्रींशी गाठ पडते ती बहुधा त्याच निमित्ताने.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज–६ या प्रदूषणमानकानंतर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला असून इंधन अंतःक्षेपण आले आहे. असे एंजिन मोडीत मिळाले तरी त्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, संवेदक, इंधन-पंप आणि संपूर्ण वायरिंग सोबत आणावे लागते. एक तार तुटली तरी ते चालत नाही. त्यामुळे एंजिन घेणारा जाणकार आता आधी सिलिंडर पाहत नाही, तर वायरिंग कापलेली आहे की सोडवून काढलेली आहे ते पाहतो.